सुरेखाताईंचं फाटक

सुरेखा ओव्हाळ घरून काम करायच्या तेव्हा पायात बूट घालून बसायच्या. काळे, बंदाचे, ऑफिसला जाताना घालायचे ते बूट. एरवी घरात कुणी चपला घालून आलेलं त्यांना खपत नसे. पण सकाळी लॅपटॉप उघडण्याआधी त्या बूट पुसून पायात घालायच्या आणि काम संपलं की दाराबाहेर काढून ठेवायच्या. मधल्या वेळात आपण घरात नाही, असं त्या मानायच्या. शेजारच्या पारूमावशी काही द्यायला-घ्यायला आल्या तर आधी उंबऱ्यावरून ताईंच्या पायांकडे बघायच्या. बूट दिसले की हातातली मेथीची जुडी ओट्यावर ठेवून, न बोलता परत जायच्या.

घर कामशेतच्या बाहेर, रेल्वेलाइनीपासून दोन शेतं अलीकडे होतं. नोकरी हिंजवडीतल्या एका कंपनीत, आरोग्यविम्याचे दावे तपासण्याची. परदेशातली माणसं आजारी पडत, त्यांचे कागद इथे येत, आणि पैसे द्यायचे की नाकारायचे हे सुरेखाताई आणि त्यांच्या हाताखालचे लोक ठरवत. वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यावर मी त्याच कंपनीत कंत्राटावर लागलो होतो. नव्या लोकांसाठी कामाची पद्धत लिहून काढायची होती, म्हणून सुरुवातीला काही दिवस मला सुरेखाताईंशेजारी बसवलं होतं. ओळख तेव्हाची.

त्यांच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला त्यांचं एक वाक्य पाठ असे : "कारण सांगा, कहाणी नको." नवी आलेली एक मुलगी एकदा एका रुग्णाच्या बायकोचं पत्र वाचून रडायला लागली होती. दावा नियमात बसत नव्हता. सुरेखाताईंनी पत्र हातात घेतलं, शेवटपर्यंत वाचलं, परत दिलं. म्हणाल्या, "वाचायचं सगळं. न वाचता नाकारायचं नाही. फक्त सही कहाणीवर करायची नाही." मग त्यांनी तो दावा स्वतःकडे घेतला, दुसऱ्या कुठल्या कलमात बसतो का ते दुपारभर शोधलं आणि संध्याकाळी नाकारला.

त्यांचं लग्न झालं होतं, ते टिकलं नव्हतं. त्याबद्दल त्यांच्याकडून याहून अधिक कधी ऐकलं नाही. घरात त्या आणि वडील, दोघंच. वडिलांना सगळी वस्ती अण्णा म्हणायची. ते मूळचे बेडशाचे. रेल्वेत गेटमन होते, आयुष्यभर एकाच फाटकावर. ते निवृत्त झाल्यावर फाटकही बंद झालं, तिथे भुयारी रस्ता झाला आणि रुळांच्या कडेनं कुंपण आलं. पुढे अण्णांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून जायला लागली. बायको गेल्याचं विसरले, वर्ष विसरले, जेवल्याचं विसरायला लागले. फाटक मात्र विसरले नाहीत. कंपनीनं सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं त्या काळात ते एका सकाळी खाकी सदरा घालून निघाले आणि कुंपणाच्या फटीतून थेट रुळांवर जाऊन उभे राहिले. त्यांना ओळखणारा एक गँगमन तिथे होता म्हणून परत आले.

सुरेखाताईंनी दाराला कडी लावली नाही. त्यांनी अंगणाच्या तोंडाशी दोन खुंट रोवले, त्यावर एक लांब बांबू आडवा टाकला, त्याला लाल-पांढरे पट्टे दिले आणि अण्णांना सांगितलं की साहेबांनी फाटक इकडे हलवलंय.

अण्णांनी बांबू वरखाली करून पाहिला. म्हणाले, "फोन कुटं हाय?"

गाडी यायच्या आधी स्टेशनमास्तर फाटकावर फोन करतो. गेटमन फाटक बंद करतो, आणि बंद केल्याची खूण म्हणून एक आकडा सांगतो. मास्तर तोच आकडा परत म्हणतो. तो परत म्हटल्याशिवाय गेटमनचं समाधान होत नाही, आणि एकदा वापरलेला आकडा त्या पाळीत पुन्हा चालत नाही. हे सगळं अण्णांना पक्कं होतं. म्हणून ताईंनी त्यांच्या खुर्चीशेजारी एक जुना मोबाइल ठेवला. स्वतः आतल्या खोलीत बूट घालून दावे तपासता तपासता खरी गाडी जवळ आली की फोन लावायच्या. "अण्णा, गाडी सुटली." बाहेर बांबू खाली यायचा. "फाटक बंद. एकोणचाळीस." "एकोणचाळीस." संपलं. पुढच्या गाडीपर्यंत अण्णा खुर्चीत शांत.

वस्तीनं हे कसं स्वीकारलं ते मी पाहिलं आहे. सुरेखाताईंचं अंगण म्हणजे वस्तीचा आतला रस्ताच. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा बांबू खाली होता आणि त्याच्यापुढे दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटरसायकल, दोन बायका आणि एक शेळी थांबली होती. मी स्कूटर बाजूनं काढायला गेलो.

"ओ पाव्हणं!" अण्णा खुर्चीतून उठले. "गाडी यायची हाय. दिसत न्हाई व्हय फाटक?"

दूधवाला हळूच म्हणाला, "थांबा जरा साहेब. आता येईलच इंद्रायणी."

शेतांपलीकडून गाडी धडधडत गेली. अण्णांनी शेवटचा डबा जाईपर्यंत हात वर धरून ठेवला, मग बांबू उचलला. बायका निघाल्या. त्यातल्या एकीनं, म्हणजे पारूमावशींनी, जाता जाता विचारलं, "अण्णा, आज टायमात व्हती का?"

"लेट," अण्णा म्हणाले. "मुंबईवाल्यांचं हे रोजचंच हाय."

एकदा कामाच्या मोठ्या मीटिंगमध्ये सुरेखाताई माइक बंद करायला विसरल्या. साहेब तिमाहीचे आकडे सांगत होते आणि मधेच सगळ्यांच्या कानात स्वच्छ आवाज आला, "अण्णा, गाडी सुटली." मग, "बावन्न." लोणावळ्याचा प्रशांत, त्यांच्याच टीममधला, म्हणाला, "ताई, डाउन का अप?" सगळे हसले. सुरेखाताई हसल्या नाहीत, पण "डाउन" असं उत्तर मात्र दिलं.

त्या काळात त्यांच्या टीमचं काम कंपनीत सगळ्यांत पुढे होतं. हे मी कौतुकानं म्हणत नाही. कंपनीनंच तसं पत्रक काढलं होतं.

पुढे दुसरं पत्रक आलं. सगळ्यांनी आठवड्याचे चार दिवस ऑफिसात यायचं होतं. एकमेकांच्या सहवासानं ऊर्जा वाढते, असं त्यात लिहिलं होतं.

मावळातून काम करणारे आठ-दहा जण एका रविवारी सोमाटणे फाट्यावरच्या हॉटेलात जमले. मी तळेगावला राहतो. कंत्राटी असल्यामुळे मला घरून काम कधी मिळालंच नव्हतं, त्यामुळे पत्रकानं माझं काही बिघडणार नव्हतं. पण सुरेखाताईंनी बोलावलं होतं, मसुदा नीट लिहून द्यायला.

प्रशांत सगळ्यांत जास्त तापला होता. "शुक्रवारी संध्याकाळी अख्खी मुंबई आणि अख्खं पुणं लोणावळ्यात शिरतं. मला माझ्या घरी जायचं तर त्याच रांगेत. गाडीवर लिहून घेऊ का, मी भुशी डॅमला चाललो नाही म्हणून?"

शिरगावची एक मुलगी म्हणाली, "तुमचं शुक्रवारचं, आमचं गुरुवारचं. साईबाबांच्या देवळाच्या गर्दीतून माझी गाडीच बाहेर निघत नाही."

वडगावच्या दोघांतला एक म्हणाला, "आणि कंपनीची बस? ती इथपर्यंतच येणार. पुढं मावळ नाहीच त्यांच्या नकाशात."

सुरेखाताईंनी सगळ्यांना बोलू दिलं. मग म्हणाल्या, "ह्या सगळ्या कहाण्या झाल्या. कारण एकच आहे. काम होतंय. घरून जास्त होतंय. तेवढंच लिहायचं."

"पण ताई," प्रशांत म्हणाला, "पत्रकात खाली लिहिलंय, आजारपणाचा दाखला जोडला तर सूट मिळेल. तुमच्याकडं तर अण्णा आहेत. तुम्हाला लगेच देतील."

"अण्णा माझे वडील आहेत," त्या म्हणाल्या. "कारण नाहीत."

मग त्यांनी ते समजावून सांगितलं. दाखला जोडून सूट मागितली, म्हणजे नियम बरोबर आहे आणि आपण तेवढे आजारी, असं कबूल केल्यासारखं होतं. मग पुढच्या वर्षी दाखला पुन्हा आणा. मग तो नीट नाही म्हणून दुसरा आणा. "मी रोज हेच काम करते. दाखला कसा वाचायचा आणि कसा नाकारायचा, मला शिकवू नका. एकदा आपलं दुखणं त्यांच्या टेबलावर ठेवलं की ते त्यांचं झालं." त्यांचं म्हणणं असं की कुणीही एकट्यानं अर्ज करायचा नाही. सगळ्यांनी मिळून एकच निवेदन द्यायचं. इतकी माणसं एकदम काढता येत नाहीत.

सगळे हो म्हणाले. प्रशांतनं टेबलावर थाप मारून हो म्हटलं. चहा दुसऱ्यांदा मागवला गेला.

निवेदन गेलं. त्यानंतरच्या ऑनलाइन सभेत मोठे साहेब बोलले. प्रश्नोत्तरांच्या वेळी सुरेखाताईंनी प्रथमच कॅमेरा चालू केला. मागे भिंत, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कपाळावर घाम. त्यांनी टीमचं काम किती आणि कसं झालं ते सांगितलं, आवाज न चढवता. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, प्रत्येकाची अडचण कंपनी सहानुभूतीनं ऐकेल, ज्यांना त्रास आहे त्यांनी वैयक्तिक अर्ज करावा.

"सर, मी अडचण सांगत नाहीये," सुरेखाताई म्हणाल्या.

"मी समजू शकतो," साहेब म्हणाले, आणि पुढचा प्रश्न घेतला. तो कॅन्टीनबद्दल होता.

ज्या सोमवारी चार दिवसांचा नियम लागू झाला, त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे सोमाटणे फाट्यावर बसची वाट पाहत होतो. सुरेखाताई कामशेतहून एसटीनं आल्या. पायात तेच बूट. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. शिरगावची मुलगी नव्हती. वडगावचे दोघं नव्हते. निवेदनाचं उत्तर आलं नव्हतं, तेव्हा पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकत्र जायचं आणि साहेबांच्या दारात एकत्र उभं राहायचं, असं ठरलं होतं. बस आली. त्यांनी ड्रायव्हरला हातानं थांब म्हटलं आणि प्रशांतला फोन लावला. हायवेच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकरवर टाकला.

"कुठं आहेस?"

"ताई... घरी."

"का?"

"मला मिळाली ना सूट. कंबरेची. डॉक्टरांनी लिहून दिलं. बायको म्हणाली, सगळेच देतायत तर तू एकटा कशाला... ताई, बाकीच्यांनी पण दिलेत अर्ज. मला वाटलं तुम्हाला माहिती असेल. मला वाटलं तुम्ही पण अण्णांचा दिला असेल."

सुरेखाताईंनी फोन थोडा लांब धरला होता.

"कंबर दुखते का रे खरंच?"

"थोडी दुखते, ताई."

"बसून दुखत असेल. मधे मधे उठून फिरत जा."

फोन बंद करून त्या बसमध्ये चढल्या. हिंजवडीपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. बस वाकडला बराच वेळ अडकली. एकदाच बोलल्या, आणि तेही मला नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं : "चुकलं कुणाचंच नाही."

अर्जाची मुदत आदल्या शुक्रवारी संपली होती.

दावे तपासतात त्या मजल्यावर मोबाइल नेता येत नाही. रुग्णांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून तो दाराशी कपाटात ठेवावा लागतो. सुरेखाताई मधली सुट्टी झाली की अण्णांना फोन लावायला कपाटाकडे धावायच्या. अण्णांजवळ दिवसभर बसायला त्यांनी कामशेतची एक बाई ठेवली होती. फोन लावून "गाडी सुटली" म्हणायचं, हेही तिला शिकवलं होतं. ती दोन दिवसच टिकली. अण्णा आकडा सांगायचे आणि ती "बरं बरं" म्हणायची. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी तिला अंगणाबाहेर काढलं. "आकडा परत बोलत न्हाई. ही मास्तर न्हाई. कुणीतरी भलतीच बाई मास्तरच्या खुर्चीत बसलीय." पारूमावशींनी आकडा परत म्हणायचा प्रयत्न केला, पण त्यांना शेतावर जावं लागे, आणि गाड्या तर दिवसभर.

एका दुपारी फोन आलाच नाही. अण्णांनी बांबू खाली टाकला, वाट पाहिली, आणि मास्तरला विचारायला म्हणून निघाले. ते खऱ्या रुळांवर सापडले. मालगाडी लांबवर थांबली होती. सुरेखाताईंना ते जेवणाच्या सुट्टीत, कपाटासमोर उभ्या उभ्या कळलं. मी तिथेच होतो. त्यांनी फोन कानाला लावून पूर्ण ऐकलं, "आले" म्हणाल्या आणि जिन्यानं खाली गेल्या. लिफ्टची वाट पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज केला. दाखला जोडला, डॉक्टरांचा अहवाल जोडला. त्यांचे वरिष्ठ राजीव सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचारलं, "मॅडम, आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. सगळ्यांसमोर."

"ते वेगळं. हे सांगायला हवं होतं."

"हे तर खासगी होतं, सर."

राजीव सरांनी अर्ज शिफारशीसह वर पाठवला. उत्तर लगेच आलं. अर्ज मुदतीनंतर आलेला आहे. शिवाय ही परिस्थिती मुदतीच्या आधीपासून होती, ती नव्यानं उद्भवलेली नाही, त्यामुळे अपवाद करता येत नाही. पुढच्या वर्षी विचार होईल. सुरेखाताईंनी ते मला वाचायला दिलं. लिहिणं माझा धंदा, म्हणून असेल.

"नीट लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मीही हेच लिहिलं असतं."

नोकरी सोडण्याबद्दल मी एकदाच विचारलं. त्या म्हणाल्या, "आणि जाऊ कुठं? या वयात घेणार कोण? घेतील ते पण बोलावणारच. सगळीकडं तेच चाललंय. आणि घर माझ्यावर आहे." प्रशांत त्यांना अधूनमधून फोन करायचा. त्या उचलायच्या, कामाचं बोलायच्या. एकदा त्यानं विचारलं, अण्णांकडे मी येऊन बसू का. त्या म्हणाल्या, "तुझी कंबर दुखते ना? कुणी पाहिलं तर तुझी सूट जाईल." त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर तशी भीती होती.

मग त्यांनी कुलूप आणलं.

सकाळी अण्णांना जेवू घालायचं, पाणी जवळ ठेवायचं, बाहेरून कडी लावायची, कुलूप घालायचं. दुसरी किल्ली पारूमावशींकडे. त्या दुपारी येऊन ताट द्यायच्या, थोडं बसायच्या, पुन्हा कुलूप लावून जायच्या. बांबू भिंतीला उभा करून ठेवला होता. पारूमावशींनीच मला सांगितलं, "पयल्या आठवड्यात लय वरडायचे. खिडकीतनं येनाऱ्या-जानाऱ्याला हाका मारायचे, फाटक उगडं हाय, थांबा, गाडी यील. लोकांनी काय करावं? आता समदी मागच्या बांधानं जात्यात. ह्या रस्त्यानं कुनी येत न्हाई."

"दूधवाला?"

"त्यो बी न्हाई. म्हनतो, मला बघवत न्हाई."

मला कंपनीनं त्याच सुमारास मोकळं केलं. शेवटचे काही कागद सुरेखाताईंना दाखवायचे होते, म्हणून एका रविवारी त्यांच्याकडे गेलो. अंगण मोकळं होतं. दार उघडं होतं. सुट्टीचा दिवस, सुरेखाताई अनवाणी, केस धुतलेले. त्यांनी बांबू खुंटांवर परत चढवला होता आणि अण्णांना बाहेर आणायचं चाललं होतं.

"अण्णा, चला की. आज मी घरीच आहे. फाटकावर बसू."

अण्णा आतल्या कॉटवर बसले होते. बाहेरच्या उजेडाकडे त्यांनी पाहिलं. मला ओळखलं नाही, ताईंना ओळखलं. आम्ही बोलत असताना पलीकडून एक गाडी गेली. त्यांनी मान वळवली नाही. ताईंनी कागद वाचले, दोन चुका दाखवल्या, चहा ठेवला. मधूनमधून अण्णा दाराकडे बघत आणि अस्वस्थ होत. कॉटची पट्टी चाचपत, धोतराचा सोगा मुठीत धरत. शेवटी ते उठले, दारामागच्या खिळ्याला लावलेलं कुलूप काढलं आणि ताईंच्या हातात दिलं.

"दार उगडं राहिलंय, पोरी. लाव. आन् जा तू कामाला."

"आज रविवार आहे, अण्णा."

"लाव म्हंतो ना. उगडं टाकून जाऊ नगंस. मी हाय हितंच."

ताईंनी त्यांना बसवायचा प्रयत्न केला. ते बसेनात. तसेच उभे राहून दाराकडे आणि कुलपाकडे बघत राहिले. काही वेळ त्या त्यांच्यासमोर कुलूप धरून उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर चला."

आम्ही बाहेर आलो. त्यांनी दार ओढून घेतलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. आतून कॉट करकरल्याचा आवाज आला. अण्णा बसले असावेत. सुरेखाताई किल्ली मुठीत धरून पायरीवर बसल्या. आत आपली चाहूल लागू नये म्हणून त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. मीही न बोलता निघालो, आणि स्कूटर रस्त्यापर्यंत ढकलत नेऊन मगच चालू केली.